जालन्याच्या ग्रंथालयात संगणक आला. ग्रंथपालाला शिकवणार कोण?

सार्वजनिक ग्रंथालयांच्या 'डिजिटल' होण्याची चर्चा आपल्याकडे बहुधा संगणकाच्या खरेदीपाशी संपते. संगणक आला, प्रिंटर आला, उद्घाटनाचा फोटो निघाला. त्यापुढे तो संगणक कोण चालवणार, त्या माणसाला काय यावे लागेल आणि ते शिकण्यासाठी त्याला वेळ आणि पैसा कोण देणार, हे प्रश्न कोणी विचारत नाही. जालना जिल्ह्यात सामाजिक काम करताना आम्हाला हा प्रश्न वारंवार भेटतो. परीक्षेची तयारी करणारा मुलगा पुस्तक मागतो, पुस्तक कपाटात असते, पण आहे की नाही हे कोणाला सांगता येत नाही. बाबासाहेबांच्या खंडांची पीडीएफ मोफत उपलब्ध असते, पण ती कुठून घ्यायची हे वाचनालयात कोणाला माहीत नसते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ग्रंथालय सेवकाने नवे वेब तंत्रज्ञान शिकणे ही त्याची खासगी हौस नाही. आपली पुस्तके, आपली नियतकालिके आणि आपला स्थानिक इतिहास पुढच्या पिढीला सापडणार की नाही, हे त्यावर ठरते. म्हणून ते शिकवणे ही शासनाची जबाबदारी आहे आणि ती शासनाकडून करून घेणे ही आपली.

कायदा जुना, मानधन त्याहून जुने

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. या कायद्यानुसार राज्यात अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालये शासनमान्य आहेत. बहुतेक ग्रंथालये स्थानिक संस्था चालवतात आणि शासन त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार परिरक्षण अनुदान देते. खेड्यातले वाचनालय बहुधा 'ड' नाहीतर 'क' वर्गात असते.

२०१२ साली महसूल विभागामार्फत या ग्रंथालयांची पडताळणी झाली. काही ग्रंथालये केवळ कागदावर होती, हे त्यातून उघड झाले आणि ते उघड होणे गरजेचेही होते. पण त्यानंतर नव्या ग्रंथालयांची मान्यता आणि वर्गवाढ दीर्घकाळ थांबली. चोरी काहींची, शिक्षा सगळ्यांना. बुद्धविहारात, समाजमंदिरात तरुणांनी वर्गणी काढून उभ्या केलेल्या अभ्यासिकांना या काळात शासनमान्यतेचे दार बंदच राहिले.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली. ऐकायला आकडा मोठा आहे. प्रत्यक्षात 'ड' वर्गाचे वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजारांवर गेले. त्यातला निम्मा भाग वेतनासाठी धरला तर वर्षाला २४ हजार, म्हणजे महिन्याला दोन हजार रुपये होतात. २०२४-२५ मध्ये राज्यात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. म्हणजे तेव्हा खेड्यातल्या ग्रंथपालाचे महिन्याचे मानधन रोजगार हमीवरच्या सात दिवसांच्या मजुरीएवढे होते.

या माणसाला आपण काय सांगतो? युनिकोड शिक, सॉफ्टवेअर शिक, ऑनलाइन तालिका तयार कर. तो अर्धा दिवस शेतात नाहीतर दुकानात असतो, संध्याकाळी वाचनालय उघडतो, देवघेव करतो, वर्तमानपत्रे लावतो आणि तपासणी जवळ आली की रजिस्टरे पूर्ण करतो. मंठा, परतूर किंवा घनसावंगीच्या खेड्यातून प्रशिक्षणाला जालन्याला यायचे तर दिवस मोडतो आणि एसटीचे भाडे खिशातून जाते. अशा स्थितीत तो शिकत नाही याचे खापर त्याच्या आळसावर फोडणे सोपे आहे, पण ते खोटे आहे.

शिकायचे म्हणजे नेमके काय?

'संगणक साक्षरता' या शब्दात बरेच काही झाकले जाते. म्हणून ग्रंथालयाच्या कामातली दोन उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण अक्षरांचे. अनेक वाचनालयांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी पुस्तकांच्या याद्या टाइप करून घेतल्या. त्या श्रीलिपी, कृतिदेव किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये आहेत. कागदावर छापल्या तर मराठी दिसते. पण संगणकाच्या पोटात ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असतात. तो फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर यादी उघडली की निरर्थक अक्षरांची रांग दिसते. गुगलला ती शोधता येत नाही. हजारो नोंदींची मेहनत अशी अडकून पडली आहे. यादी युनिकोडमध्ये आणणे ही पहिली पायरी, आणि अशी यादी बदलून देणारी साधने मोफत मिळतात. ती आहेत हे फक्त सांगावे लागते.

युनिकोड आले म्हणजे सगळे झाले असेही नाही. 'आंबेडकर' हा शब्द 'आ' या अक्षराने टाइप करता येतो, आणि 'अ' ला काना देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. कोणी 'आंबेडकर, भीमराव रामजी' लिहितो, कोणी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर', कोणी 'अंबेडकर'. एकाच लेखकाची पुस्तके चार ठिकाणी विखुरतात आणि शोधणाऱ्याला एक सापडते, तीन सापडत नाहीत. लेखकाचे नाव एकाच रूपात नोंदवायचे आणि बाकीची रूपे त्याला जोडायची, हा ग्रंथालयशास्त्राचा जुना नियम आहे. वेबवर तो पूर्वीपेक्षा जास्त लागू पडतो.

दुसरे उदाहरण विषयाचे. ड्युई दशांश वर्गीकरणात बौद्ध धर्माला २९४.३ हा क्रमांक आहे आणि मराठी साहित्याला ८९१.४६. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) केवळ 'आत्मचरित्र' एवढ्याच नोंदीखाली ठेवले तर ते शेकडो आत्मचरित्रांत मिसळून जाते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांवरचे पुस्तक 'इतिहास' एवढ्याच शब्दाखाली गेले, तर स्त्रियांच्या चळवळीवर निबंध लिहिणाऱ्या मुलीला ते भेटणार नाही. कपाटात पुस्तकाला जागा एकच असते. वेबवरच्या तालिकेत एका पुस्तकाला पाच विषय लावता येतात: दलित साहित्य, जातव्यवस्था, स्त्रिया, आंबेडकरी चळवळ, मराठवाडा. ते लावायचे की नाही हे सॉफ्टवेअर ठरवत नाही, नोंद करणारा माणूस ठरवतो. त्यासाठी त्याला तंत्र माहीत हवे आणि पुस्तकही.

समाजशास्त्रात आपण शिकतो की वर्गवारी कधीच निष्पाप नसते. कोणाला नाव मिळते आणि कोण 'इतर' या खान्यात जाते, यात सत्ता असते. ग्रंथालयाची तालिका हे त्याचे रोजचे उदाहरण आहे.

साधने आहेत, वाट दाखवणारा नाही

साधनांची टंचाई आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. ग्रंथालयासाठी 'कोहा' हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या ग्रंथालय संस्थेसाठी ते १९९९-२००० च्या सुमारास तयार झाले आणि सगळ्या जगाला मोफत दिले गेले. 'कोहा' या माओरी शब्दाचा अर्थच भेट, दान. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे 'ई-ग्रंथालय' आहे. दोन्हींत देवनागरी चालते. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली देशाला अर्पण झाले, त्यात कोणालाही मोफत नोंदणी करता येते. मराठी विश्वकोश, साहित्य आणि संस्कृती मंडळाची कित्येक पुस्तके, बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड हे सगळे वेबवर उपलब्ध आहे.

या खंडांचे महत्त्व वेगळे सांगायला नको. वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून शासनाने ते काढले. पुढे छपाई इतकी रखडली की २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. छापील प्रत मिळत नाही तेव्हा डिजिटल प्रत हाच आधार उरतो. अंबड किंवा जाफ्राबादच्या वाचनालयातल्या सेवकाला ती उघडून, हवे ते पान शोधून, वाचकाच्या मोबाइलवर देता आली तर त्या वाचनालयाचे कपाट एका दिवसात कितीतरी मोठे होते.

मग काही जण म्हणतात, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, ग्रंथपाल हवाच कशाला? याचे उत्तर आपल्या व्हॉट्सॲप गटांतच आहे. बाबासाहेबांच्या नावाने न बोललेली वाक्ये, बुद्धाच्या नावाने न सांगितलेली वचने रोज फिरतात. आता चॅटबॉट अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावेही आत्मविश्वासाने देतात. हे वाक्य कोणत्या खंडात, कोणत्या पानावर आहे, हे पुस्तक खरेच निघाले होते का, हे तपासून देणारा माणूस गावात असणे ही आजची गरज आहे. मोबाइलने माहिती दारात आणली, पण खरे-खोटे पारखायला शिकवले नाही.

शार्लटच्या ग्रंथालयाने काय केले?

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट-मेक्लेनबर्ग काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००६ साली आपल्या सेवकांसाठी एक साधा कार्यक्रम आखला. हेलन ब्लोअर्स या त्यामागच्या ग्रंथालय अधिकारी. तेव्हाच्या नव्या वेब सेवांची २३ छोटी कामे ठरवली: एक ब्लॉग सुरू करा, एक फोटो चढवा, एका विकीत भर घाला, अशी. नऊ आठवड्यांत आपापल्या गतीने ती करायची. पूर्ण करणाऱ्याला एमपीथ्री प्लेअर भेट. व्याख्यान नाही, परीक्षा नाही. करून बघायचे आणि जमले ते लिहून ठेवायचे. हा नमुना पुढे अनेक देशांतल्या ग्रंथालयांनी उचलला.

त्या यादीतल्या कित्येक सेवा आज बंद पडल्या आहेत. पण धडा टिकला. विशिष्ट बटण शिकवू नका, न घाबरता नवे साधन हाताळण्याची सवय लावा. आणि शिकणे हे कामाचाच भाग माना.

आपल्या भूमीतही याची परंपरा आहे. बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देणाऱ्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात बोलावले. संस्थानात गावोगावी ग्रंथालये आणि फिरती पुस्तकपेटी सुरू झाली, आणि त्याबरोबरच ग्रंथालय सेवकांसाठी प्रशिक्षण वर्गही निघाले. पुस्तके पाठवायची तर ती सांभाळणारा माणूस आधी तयार करावा लागतो, हे शंभर वर्षांपूर्वी बडोद्याला समजले होते.

जालन्यासाठी बारा कामे

शार्लटची नक्कल करण्याची गरज नाही. आपल्या वाचनालयाच्या गरजेतून बारा कामे निवडता येतील. आठवड्याला एक, बारा आठवडे, सगळे मराठीतून. आमची यादी अशी:

१. युनिकोडमध्ये मराठी टाइप करणे, कळफलकावर, मोबाइलवर आणि बोलून.
२. वाचनालयाच्या नावाने ईमेल काढणे, पासवर्ड सांभाळणे. तो कार्यवाहांच्या खासगी नंबरवर अडकू न देणे.
३. दाखल नोंदवहीतली पन्नास पुस्तके स्प्रेडशीटमध्ये घेणे: दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, विषय.
४. लेखकांची नावे एकसारखी करणे.
५. प्रत्येक पुस्तकाला किमान तीन विषय देणे.
६. यादीची दुसरी प्रत सुरक्षित ठेवणे. संगणक बिघडला तर काम वाया जाता कामा नये.
७. कोहा किंवा ई-ग्रंथालयात ही यादी चढवून पाहणे.
८. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, विश्वकोश आणि बाबासाहेबांचे खंड यांतून वाचकाने विचारलेली एक गोष्ट शोधून देणे.
९. मोबाइलने जुन्या कागदपत्राची नीट प्रत घेणे आणि तिला तारीख, ठिकाण, विषय यांसह नाव देणे.
१०. स्वामित्वहक्काचे मूलभूत नियम.
११. मराठी विकिपीडियावर आपल्या गावाच्या पानात पुराव्यासह एक दुरुस्ती.
१२. महाडीबीटी, स्वाधार, जातपडताळणीचे अर्ज भरताना विद्यार्थ्याला मदत करणे. पण त्याचे आधार, ओटीपी, कागदपत्रांचे फोटो वाचनालयाच्या संगणकावर न ठेवणे.

बारावे काम वरवर ग्रंथालयाचे वाटणार नाही. पण शिष्यवृत्तीचा अर्ज चुकला म्हणून ज्याचे वर्ष जाते, त्याला विचारा. नेट कॅफेत प्रत्येक वेळी पैसे मोजावे लागतात आणि आपली कागदपत्रे तिथल्या संगणकावर राहतात ती वेगळीच. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आहे. ग्रंथालय सेवकाला त्याची ओळख हवी.

दहाव्या कामाबद्दल थोडे जास्त सांगणे भाग आहे, कारण आपल्या गटांत याचा मोठा गोंधळ आहे. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ चे. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले आहे. 'द बुद्ध अँड हिज धम्म' १९५७ साली, त्यांच्या पश्चात निघाले, म्हणून ते एक वर्ष नंतर खुले झाले. महात्मा फुले, सावित्रीबाई, ताराबाई शिंदे यांचे लेखन तर केव्हाच खुले आहे. पण अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांच्या पुस्तकांवर २०२९ अखेरपर्यंत हक्क आहे. दया पवारांच्या पुस्तकांवर २०५६ पर्यंत. बाबासाहेबांच्या इंग्रजी ग्रंथाचा अलीकडचा मराठी अनुवादही खुला नसतो, तो अनुवादकाचा असतो. आपल्या छोट्या प्रकाशकांची नवी पुस्तके स्कॅन करून गटात टाकणे ही समाजसेवा नाही. त्याने दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर स्टॉल लावणाऱ्या आपल्याच माणसाचे पोट मारले जाते. खुले काय आणि हक्काचे काय, हे गावात सांगू शकणारा माणूस ग्रंथपालच असू शकतो.

भोकरदनचे उदाहरण

अकरावे काम का हवे, याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. केळणा नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी शेकडो कोस दूरच्या स्तूपाला दान दिले आणि आपल्या गावाचे नाव दगडावर कोरून ठेवले. १९७० च्या दशकात इथे उत्खनन झाले. तिथे मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीचे इटलीतल्या पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी साम्य अभ्यासकांनी दाखवले.

ही माहिती विद्यापीठांच्या ग्रंथालयांत आणि इंग्रजी अहवालांत आहे. भोकरदनच्या शाळेतल्या मुलाला ती मराठीत, मोबाइलवर, पुराव्यासह मिळायला हवी. गावातल्या ग्रंथालय सेवकाला विकिपीडियावर लिहिता येत असेल तर तो आणि गावातले चार विद्यार्थी मिळून हे करू शकतात. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, तिथे लिहायला कोणाची परवानगी लागत नाही, लागतो तो संदर्भ. आणि संदर्भ देणे हे ग्रंथपालाचे मूळ कामच आहे.

जवळच्या काळाचेही तसेच. २७ जुलै १९७८ च्या नामांतर ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंतचा सोळा वर्षांचा लढा मराठवाड्यातल्या गावागावांनी सोसला. त्या काळातली पत्रके, स्मरणिका, छोट्या पुस्तिका, गायनपार्ट्यांच्या गीतांच्या चोपड्या आज घरोघरच्या पेट्यांत, कपाटांच्या वर पडून आहेत. वाळवी कोणाची वाट पाहत नाही. हे साहित्य मोठ्या ग्रंथालयांत फारसे पोचलेच नाही. ते जतन झाले तर गावपातळीवरच होईल.

मागणी आणि आपले काम

ग्रंथालय सेवकांच्या संघटना म्हणतात, आधी वेतनश्रेणी, मग प्रशिक्षण. त्यांची वेतनाची मागणी न्याय्य आहे आणि आपण तिच्यासोबत उभे राहिले पाहिजे. पण दोन्ही मागण्या एकत्र लढवता येतात. प्रशिक्षित सेवकाला कमी पैशात राबवणे शासनाला जास्त अवघड जाईल.

शासनाकडे मागायच्या गोष्टी स्पष्ट आहेत. प्रशिक्षण जालना शहरात एकदा न घेता आठही तालुक्यांच्या ठिकाणी व्हावे. शिकण्याच्या दिवसांचा भत्ता आणि प्रवासखर्च मिळावा. संगणकासाठी निधी देताना त्यातला ठरावीक वाटा शिकवण्यासाठी राखून ठेवावा. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडून येणाऱ्या मदतीतही सेवकाच्या शिकण्याचा विचार व्हावा. वार्षिक तपासणीत रजिस्टरांबरोबर ऑनलाइन तालिकाही पाहिली जावी. आणि विहारांतल्या, समाजमंदिरांतल्या अभ्यासिका चालवणाऱ्यांनाही या वर्गांत बसू द्यावे, मान्यता असो वा नसो. शिकवायला मान्यतेचा क्रमांक कशाला हवा?

आता आपले काम. गावातल्या वाचनालयाचे सभासद व्हा. वर्गणी थोडी असते, पण सभासद झाल्याशिवाय वार्षिक सभेत बोलता येत नाही आणि कार्यकारी मंडळात जाता येत नाही. आपल्या वस्तीतली किती मुले वाचनालयाची सभासद आहेत, पुस्तक खरेदीची यादी कोण ठरवतो, हे विचारा. बी.लिब. केलेले, संगणक येणारे तरुण आपल्यात आहेत. त्यांनी रविवारी दोन तास एका वाचनालयाला द्यावेत आणि सेवकाला हिणवू नये, सोबत बसून शिकवावे. ते जमत नसेल तर आपल्या विहारातल्या कपाटापासून सुरुवात करा: एक वही, एक मोबाइल, पन्नास पुस्तकांची नोंद.

बाबासाहेबांनी राजगृह बांधले ते पुस्तकांसाठी. सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे त्यांचे बारीक लक्ष असे आणि तिथले ग्रंथपाल शां. शं. रेगे यांच्याशी त्यांचा निकटचा संबंध होता. ग्रंथपाल हा त्यांच्या लेखी शिपाई नव्हता, विद्येच्या कामातला सहकारी होता. आपल्या गावातल्या ग्रंथपालाला आपण तो मान देतो का, हे येत्या वार्षिक सभेत आपण कोणता ठराव मांडतो त्यावरून दिसेल.